उघड्यावरील लाकूड : जुना थर काढणे व नवा चढविणे

घराच्या बाहेरील अंगाची दारे, खिडक्या, कठडे आणि खांब यांचे लाकूड ऊन व पाऊस या दोहोंचा मारा सोसत असते. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन हे द्रव्य विघटित होते. पावसाने ते धुऊन जाते आणि पृष्ठभागावर करड्या, सैल तंतूंचा पातळ थर उरतो. त्याखालील लाकूड मात्र बहुधा निकोप असते.

पावसाळा तोंडावर आला की जुन्या, पोपडे धरलेल्या व्हार्निशवरच नवा हात फिरविला जातो. सैल तंतूंवर बसलेला हा थर त्या तंतूंसह लवकरच सुटून येतो. याहून मोठी हानी ओलाव्यामुळे होते. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते व वाळल्यावर आकसते. लांबीत फारसा फरक पडत नाही. या हालचालीने ताठर थराला भेगा पडतात. त्यांतून पाणी आत शिरते, पण ते लवकर वाळत नाही. ओलाव्याचे प्रमाण लाकडाच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून कमी असेल तर कुजविणारी बुरशी सहसा वाढत नाही. कोंडलेले पाणी ही मर्यादा ओलांडते. वरून चकचकीत दिसणारी चौकट आतून पोकळ होते ती अशी.

म्हणून हे काम कोरड्या ऋतूत करावे. सुटलेला थर पात्याने खरवडावा आणि तंतूंच्या दिशेने काचकागद फिरवून निकोप लाकूड उघडे करावे. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम भारतात २०१६ साली झाले. असा रंग कोरडा घासू नये. ओला करून घासावा, निघालेला चोथा गोळा करावा आणि मुलांना दूर ठेवावे. त्यानंतर लाकूड पूर्ण वाळू द्यावे.

नवे लेपन जाड एका हाताने न देता पातळ दोन-तीन हातांनी द्यावे. रंगद्रव्ययुक्त लेप पारदर्शक लेपापेक्षा प्रकाश अधिक अडवितो. कापलेल्या टोकांतून पाणी सर्वांत वेगाने शोषले जाते. तेथे विशेष काळजी घ्यावी. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या ढीग करून न ठेवता पाण्यात बुडवाव्यात.

पुढे दरवर्षी लाकडावर पाण्याचे थेंब टाकून पाहावे. ते गोळा होऊन ओघळले तर लेप शाबूत आहे. जिरू लागले तर नव्या हाताची वेळ झाली.