जोडीला घेतलेली एलएलबी

ब्रह्मपुरी,
10 ऑगस्ट 2025

चि. सोनूस,


दिल्ली विद्यापीठाच्या लॉ फॅकल्टीत, कॅम्पस लॉ सेंटरला तुला प्रवेश मिळाल्याचं दादानं सांगितलं. अभिनंदन. त्याच दमात तो म्हणाला, ‘खरं ते यूपीएससी, एलएलबी आपली जोडीला.’ तुझंही म्हणणं तेच आहे असं कळलं, म्हणून हे पत्र. फोनवर तू ‘हो आत्या, हो आत्या’ म्हणून मोकळी होतेस. पत्र निदान टेबलावर पडून राहील आणि कधीतरी पुन्हा हाताला लागेल.

तुझा हिशेब मला समजतो. नागरी सेवेच्या जागा वर्षाला हजाराच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांच्या घरात. यादीत नाव आलं नाही, तर हाती एक पदवी असावी. फी काही हजारांत, मुखर्जीनगरहून फॅकल्टी जवळ, लायब्ररीत बसायला जागा. वैकल्पिक विषय लॉ घेतलास तर मुख्य परीक्षेतल्या 500 गुणांची तयारीही त्यातच होते. या हिशेबात खोट नाही. पण असा हिशेब करून वर्गात बसणारी बरीच मुलं तीन वर्षं तिथे काढतात आणि कायदा शिकतच नाहीत. पेपरच्या आदल्या आठवड्यात गाईड आणायचं, मागचे प्रश्न चाळायचे आणि पास व्हायचं. अशानं वकील तर तयार होत नाहीच, अधिकारीही कच्चाच राहतो. उद्या तू उपविभागीय अधिकारी झालीस, तर महसुली अपिलं, वारसाचे फेरफार, जमावबंदी आणि तडीपारीचे हुकूम पहिल्या आठवड्यातच समोर येतील. ते लिहिताना गाईड उपयोगी पडत नाही.

तू कुठे गेली आहेस ते आधी नीट बघ. दिल्ली विद्यापीठ 1922चं, लॉ फॅकल्टी 1924ची. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू हरिसिंग गौर हे बॅरिस्टर. त्यांनी नागपुरात वकिली केली होती आणि पुढे ते नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. कॅम्पस लॉ सेंटरखेरीज फॅकल्टीची आणखी दोन केंद्रं आहेत, लॉ सेंटर-एक आणि लॉ सेंटर-दोन. ही दोन्ही मुळात संध्याकाळच्या वर्गांची. दिवसभर कचेरीत फायली उपसून कारकून, शिक्षक, सरकारी नोकर सहा वाजता तिथे कायदा शिकायला येत. सरकारी विद्यापीठाचा खरा अर्थ मला त्या संध्याकाळच्या वर्गांत दिसतो. फी कमी आहे कारण उरलेला खर्च सरकारी तिजोरीतून होतो. तू तीन वर्षं नुसती सही करून काढलीस, तर ती जागा ज्याला हवी होती अशा कुणाची तरी अडवलीस असं होईल.

साठच्या दशकात या फॅकल्टीनं शिकवण्याची रीत बदलली. प्राध्यापकांनी टिपणं सांगायची आणि मुलांनी ती उतरवून घ्यायची हे सोडून मूळ निकालपत्रं वर्गात आणली. ही केस मेथड मूळची हार्वर्डची, लँगडेल या डीननं 1870 पासून रुजवलेली. निकाल आदल्या दिवशी वाचून यायचा. वर्गात प्राध्यापक विचारतात: तथ्यं काय होती, वाद कशाचा होता, कोर्टानं काय ठरवलं, कोणत्या कारणानं ठरवलं, आणि तथ्यं जरा वेगळी असती तर निकाल हाच लागला असता का? शेवटच्या प्रश्नावर वेळ घालव. युक्तिवादात समोरचा वकील आपल्याला नेमका तिथेच धरतो: ‘साहेब, तो निकाल इथे लागू नाही, त्या प्रकरणातली तथ्यं वेगळी होती.’ नुसती हेडनोट, म्हणजे निकालाच्या माथ्यावरचा सारांश, वाचून आलेला वकील अशा वेळी खाली मान घालून कागद चाळत बसतो. असे आमच्या बाररूममध्येही आहेत.

वाचायला महागडी पुस्तकं लागतात ही सबब सांगू नकोस. तुझ्याच विद्यापीठात, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानावर आणि विद्यापीठावर बड्या प्रकाशकांनी दावा लावला होता. पुस्तकातली प्रकरणं एकत्र करून मुलांना झेरॉक्स विकल्या जातात, ही त्यांची तक्रार. दिल्ली उच्च न्यायालयानं 2016 मध्ये शिकवण्यासाठी केलेल्या अशा प्रतींच्या बाजूनं कौल दिला आणि पुढल्या वर्षी प्रकाशकांनी दावा सोडून दिला. झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन घरी जाताना हा निकालही एकदा वाच. विद्यार्थ्याच्या हक्काचा निकाल आहे तो.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुद्दाम लिहायला बसले ती सांगते. वैनगंगा ओलांडली की पलीकडे आपलं वडसा, म्हणजे देसाईगंज. तिथल्या पोलीस ठाण्यात मार्च 1972 मध्ये एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं प्रकरण देशभर मथुरा प्रकरण म्हणून माहीत आहे. मुलीचं वय 14 ते 16च्या दरम्यान. सत्र न्यायालयानं 1974 मध्ये दोघांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 1976 मध्ये शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये पुन्हा दोघांना निर्दोष ठरवलं. अंगावर खुणा नाहीत, तिनं प्रतिकार केल्याचं दिसत नाही, म्हणजे तिची संमती होती, असा एकूण तर्क. निकाल छापून आला आणि कपाटात गेला. असे हजारो निकाल जातात.

हा मात्र चौघांनी वाचला. त्यांतले उपेंद्र बक्षी, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर हे दिल्लीच्या तुझ्याच फॅकल्टीत शिकवणारे, चौथ्या वसुधा धागमवार पुण्याच्या. सप्टेंबर 1979 मध्ये या चौघांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. निमूट झालेली बाई आणि राजी असलेली बाई यांत कायदा फरक करतो. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, सोबतच्या माणसांना बाहेर घालवल्यावर, एका गरीब मुलीनं प्रतिकार करावा अशी अपेक्षा कोर्ट कशी करू शकतं, असं त्यांनी विचारलं. पत्रामुळे देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. ते दोघे पोलीस सुटले ते सुटलेच, पण 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाईनं संमती नव्हती असं सांगितलं, तर कोर्टानं तेच गृहीत धरायचं, असं कलम आलं. खटला बंद दाराआड चालवायचा आणि पीडितेचं नाव छापायचं नाही, हेही त्याच दुरुस्तीतलं.

ज्या केळकरांचं फौजदारी प्रक्रियेवरचं पुस्तक तू वापरशील, ते हेच केळकर. या चौघांच्या हाती सत्ता नव्हती, वर्तमानपत्र नव्हतं, पक्ष नव्हता. त्यांना निकाल वाचता येत होता आणि त्यातला न विचारलेला प्रश्न दिसत होता. सोनू, कायद्याच्या शाळेत शिकण्यासारखं मुख्य ते हे.

निकाल कुणाचा आहे हे पाहून मान डोलवायची सवय लावून घेऊ नकोस. आणीबाणीत, 1976 मध्ये, नागरिकाला अटकेविरुद्ध कोर्टात जाता येणार नाही असं चार विरुद्ध एक मतानं ठरलं. त्या चारांत न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. पुढे 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणाचा हक्क मान्य केला, तेव्हा तो जुना निकाल चुकीचा होता असं स्पष्ट लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड, म्हणजे त्यांचेच चिरंजीव. त्यांची एलएलबीही तुझ्याच फॅकल्टीतली, 1982ची. दोन्ही निकालपत्रं शेजारी ठेव आणि खन्नांचं भिन्न मत आधी वाच.

आता व्यवहाराचं. धाकट्याला बारावीनंतर यायचं असेल, तर 2023 पासून तिथे पाच वर्षांचे बीए-एलएलबी आणि बीबीए-एलएलबी सुरू झाले आहेत. प्रवेश क्लॅट या परीक्षेतून, फी मात्र लाखाच्या वर जाते, हे दादाला आत्ताच सांगून ठेव. तुझा पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्याच मोलाचा आहे. वकिलीची सनद दोन्हींवर सारखीच मिळते. एलएलएम आणि पीएचडी शिकवायचं किंवा संशोधन करायचं असेल तर बघ. नुसत्या वकिलीसाठी त्यांची सक्ती नाही.

न्यायाधीश व्हायचं मनात आलं, तर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. पदवीनंतर थेट परीक्षा हा मार्ग आता बंद. सनदेच्या नावाखाली कुणी हजारो रुपये मागितले, तर 2024चा निकाल दाखव: कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला 750 आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 125 रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही. त्यापुढे अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागेल. मन लावून शिकलीस तर ती अवघड नाही.

नवे फौजदारी कायदे 1 जुलै 2024 पासून लागू झाले, पण बहुतेक निकाल जुन्या कलमांवरचे. म्हणून खुनाची जुनं 302 आणि नवं 103 ही दोन्ही कलमं पाठ हवीत. अजून कित्येक वर्षं दोन्हींचे खटले शेजारीशेजारी चालतील.

आठवड्यातून एक सकाळ तीस हजारी कोर्टात जा. काश्मिरी गेटला मेट्रो बदलली की पुढचंच स्टेशन. मोठे युक्तिवाद ऐकायला जाऊ नकोस. जामिनाच्या अर्जांच्या वेळी मागच्या बाकावर बस आणि कोण एकटं उभं आहे ते बघ. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस असेल किंवा कोठडीतला आरोपी असेल, तर 1987च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळायला हवा. त्यातल्या फार थोड्यांना ते माहीत असतं. फॅकल्टीच्या लीगल एडच्या कामात नाव घाल. तिथे माणसांशी बोलायला शिकशील.

शेवटी भाषेचं. तिथे सगळं इंग्रजीत होईल, ते पक्कं कर. पण परत आलीस तर इथे साक्ष मराठीत होते. फिर्याद, जबाब, कैफियत, मनाई हुकूम, वहिवाट हे शब्द जिभेवर ठेव. अशिलाला त्याचा निकाल त्याच्या बोलीत समजावता आला नाही, तर आपण त्याची फी कशासाठी घेतो?

यूपीएससी सोड असं मी म्हणत नाही. सकाळ त्या अभ्यासाला दे, वर्ग चुकवू नकोस आणि रोज एक निकाल मुळातून वाच, एवढंच मागते. सुरुवात 1978च्या तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र सरकार या निकालानं कर. मथुरा प्रकरण निकालांच्या अहवालात त्या नावानं सापडेल. तो वाचून झाला की मग चौघांचं पत्र वाच, आधी नको. दिवाळीला येशील तेव्हा एका कागदावर लिहून आण: कोर्टानं कोणता प्रश्न विचारायला हवा होता, आणि तू वकील असतीस तर तो कोणत्या साक्षीदाराला विचारला असतास. फराळाआधी मी तुझी उलटतपासणी घेणार आहे.

तुझी,
आत्या