डेम्लो संख्या

एकपासून नऊपर्यंत चढत जाणारे आणि पुन्हा एकपर्यंत उतरणारे अंक ओळीने लिहिले असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. ती मुद्दाम जुळविल्यासारखी दिसते. वस्तुतः नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ या संख्येचा तो वर्ग आहे. अशा रचनेकडे भारतीय गणितज्ञांचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. इसवी सनाच्या नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात १२३४५६५४३२१ या संख्येचा उल्लेख केला आहे.

विसाव्या शतकात या संख्यांचा चिकाटीने अभ्यास केला तो दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ साली डहाणू येथे जन्मलेले कापरेकर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळाशिक्षक होते. या संख्यांची कल्पना त्यांना मुंबईजवळील डोंबिवली स्थानकावर सुचली, म्हणून त्यांनी त्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले. देशातील अनेक विद्वान त्यांच्या कामाला क्षुल्लक मनोरंजन समजत. १९७५ साली अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्याचा परिचय करून दिला, तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. क्षुल्लक हा शेरा कितपत योग्य होता, हे प्रस्तुत संख्येवरूनच पाहता येईल.

संख्येचे तीन भाग करावे: १२३४५६७८, मधला ९ आणि ८७६५४३२१. पहिल्या व शेवटच्या भागांची बेरीज ९९९९९९९९ येते. म्हणजे मधलाच अंक पुन्हा पुन्हा येतो. हेच डेम्लो संख्येचे लक्षण होय. १२३२१ मध्येही १२ आणि २१ मिळून ३३ होतात.

परंतु नऊ वेळा जुळले म्हणून दहाव्यांदा जुळेलच असे नाही. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो आणि जिना मध्येच मोडतो. कारण शोधण्यासाठी गुणाकार शाळेतल्या रीतीनेच मांडावा. नऊ एकांची ओळ प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून नऊदा लिहिली, की एककाच्या स्तंभात एक ‘१’ येतो, दशकाच्या स्तंभात दोन, आणि मधल्या स्तंभात नऊ. पुढे ही गणती उतरत जाते. कोणत्याही स्तंभाची बेरीज ९ च्या पुढे जात नसल्याने हातचा येत नाही. दहा ओळी होताच मधल्या स्तंभात १० येतात, हातचा पुढे जातो, शेजारच्या ९ चे १० होतात, आणि पुन्हा हातचा. इतकेच ते रहस्य!

दुसरा गुण अधिक खोल आहे. १११११११११ चे मूळ अवयव ३ × ३ × ३७ × ३३३६६७ असे आहेत. म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने निःशेष भाग जातो, भागाकार १५२४१५७८९९७१०४१. आणि १२३४५६७८९८७६५४३२१ च्या अंकांची बेरीजही नेमकी ८१ च आहे. आपल्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. एक ते नऊ एकांच्या वर्गांत हर्षद संख्या तीनच: १, १२३२१ आणि ही. १२१ च्या अंकांची बेरीज ४ आहे, आणि १२१ ला ४ ने भाग जात नाही. इतर पाचांचा ताळा वाचकाने स्वतः पाहावा.