थंड समुद्राची लाइन

फ्लाय लाइन चिकटायला लागली, फेक आखूड पडायला लागली, की दुकानदाराचं उत्तर तयार असतं: 'सर, लाइनची निगा राखली नसेल.' पैसे घेणारा सुटला, देणारा खजील. माझ्या बाबतीत हेच झालं. निगा मी राखली होती. लाइनच भलती दिली होती, आणि देणाऱ्याने ते आजतागायत मान्य केलेलं नाही. थोडं मन मोकळं करायला, आणि तुमचे पैसे वाचावेत म्हणून, हे लिहितोय.

अंदमानला जायचं ठरल्यावर १० नंबरच्या रॉडसाठी नवी फ्लोटिंग लाइन घेतली. दुकान मुंबईतलं, नाव लिहीत नाही. कुठे जाणार, कधी जाणार, कोणता मासा, सगळं सांगितलं होतं. 'सॉल्टवॉटरची देतो, बिनधास्त जा,' म्हणाला. बॅकिंग आणि लाइन तिथेच रीलवर भरून दिली. खोका मागितला तर म्हणाला, 'कशाला उगाच ओझं?' आणि तो काउंटरखाली गेला. तेव्हा त्यात वावगं वाटावं असं काही नव्हतं. आता मात्र तो खोका माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

सकाळी लवकर लाइन बरी चालली. ऊन चढलं तशी ती बदलत गेली. बोटांना चिकट लागायला लागली, रॉडच्या गाइडमधून सुटायच्या ऐवजी तिथेच रेंगाळायला लागली, डेकवर शिजलेल्या शेवयांसारखी एकमेकींत गुंतायला लागली. रीफच्या कडेला ब्लूफिन ट्रेवलींचं टोळकं दिसलं. निळ्या परांची चमक स्पष्ट दिसत होती, अंतर रोज मैदानावर मी सहज गाठतो तेवढंच. फेक निम्म्यातच बसली. पुन्हा मारली, पुन्हा निम्म्यात. टोळकं वळलं आणि गेलं. त्या माशांसाठी मी वर्षभर फ्लाय बांधत बसलो होतो.

आमच्या बोटवाल्याने काही न बोलता लाइन चिमटीत धरून पाहिली. मग आइसबॉक्स उघडला, वितळलेलं पाणी आणि मूठभर बर्फ बादलीत ओतला, लाइनची वेटोळी त्यात बुडवून ठेवली. थोड्या वेळाने म्हणाला, 'अब मारो.' लाइन सुटली. खरोखर सुटली, शेवटच्या वेटोळ्यापर्यंत, रीलला हिसका देऊन. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. 'सर, ये ठंडे पानी का लाइन है,' तो म्हणाला. काही फेकींनंतर ती तापली आणि पुन्हा तेच. पण तोवर मला कळायचं ते कळलं होतं. फेकीत दोष नव्हता, निगेत नव्हता. लाइन या पाण्यासाठी बनलेलीच नव्हती.

बहुतेक फ्लाय लाइनचं आवरण पीव्हीसीचं असतं, ते लवचिक राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेलं असतं. आत गाभा, वेणीच्या नायलॉनचा किंवा एकसंध मोनोचा. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्सकडे, लोक स्ट्राइप्ड बास गरवतात. तो समुद्रही खाराच, पण थंड. तिथे कडक आवरणाची लाइन वेटोळी धरून बसते, म्हणून तिथल्या लाइनचं आवरण मुद्दाम मऊ ठेवतात. बहामा, सेशेल्ससाठीच्या ट्रॉपिकल लाइनचं उलट: आवरण कडक, गाभा ताठ. अंदमानचं पाणी २८ ते ३० अंशांचं, आणि उन्हातला डेक त्याहून कितीतरी तापलेला. मऊ आवरण तिथे काय टिकणार? आपल्या कोकणातल्या खाड्यांतही जिताड्यासाठी, तांबोशीसाठी बाराही महिने ट्रॉपिकल लाइनच हवी. खोक्यावर सॉल्टवॉटर लिहिलंय एवढ्यावर अजिबात विसंबू नका, तापमान काय लिहिलंय ते वाचा.

परत आल्यावर दुकानात गेलो. आधी म्हणाला, सनस्क्रीन लावलं असेल. मग म्हणाला, मच्छर पळवायचं औषध लागलं असेल. मग बोटीतल्या पेट्रोलवर आला, मग माझ्या फेकीवर. बोटवाल्याचं सांगितलं तर, 'ते लोक काहीही बोलतात, सर.' हे मला सगळ्यात जास्त लागलं. ज्याचा जन्म समुद्रावर गेलाय त्याला बोटांनी जे कळलं, ते एसीत बसून उडवून लावायचं!

सनस्क्रीन, डीईईटीवालं मच्छर-औषध, पेट्रोल, यांनी लाइन खराब होते हे खरंच आहे, आणि ते लागलेले हात लाइनला लागूच द्यायचे नाहीत. पण त्या खराबीची खूण वेगळी असते. ती जिथे हात लागतो तिथे, पट्ट्यापट्ट्यांनी दिसते. आवरण चिकटतं, पुढे भेगाळतं, आणि गार केलं म्हणून बरं होत नाही. माझी लाइन टोकापासून रीलवरच्या तळाच्या फेऱ्यांपर्यंत सारखीच मऊ होती. त्या फेऱ्यांना माझं बोटही लागलेलं नव्हतं. आणि बर्फाच्या पाण्यात ती पूर्ववत होत होती. हे त्याला शांतपणे समजावलं. 'कंपनीकडे पाठवून बघतो,' म्हणाला, पण लाइन ठेवून घ्यायला काही तयार होईना. शेवटी हातात काय ठेवलं, तर लाइन पुसायच्या औषधाची बाटली!

घरी मी एका मित्राची त्याच नंबरची ट्रॉपिकल लाइन आणून दोन्हींची टोकं एकाच बर्फाच्या बादलीत सोडली. त्याची बाहेर काढली तर कडी पडली तशीच ताठ राहिली, माझी मऊसूत, सरळ लोंबली. व्हिडिओ दुकानदाराला पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. तुम्हाला शंका आली तर हीच परीक्षा करा, खर्च फक्त बर्फाचा.

आता निगेबद्दल. रोज परतल्यावर जेवढी लाइन वापरली तेवढी रीलवरून उतरवून गोड्या पाण्यातून काढा. मासा लांब पळाला असेल तर बॅकिंगही उतरवा. खालच्या ओल्या बॅकिंगमधलं मीठ रीलचा स्पूल आतून खातं, आणि वरवर धुतलेल्याला ते दिसत नाही. रीलवर पाइपचा जोराचा फवारा मारू नका, मीठ आत ढकललं जातं. चार-सहा दिवसांनी कोमट पाणी, सौम्य साबणाचे थेंब आणि मऊ कापड. कपड्याची पावडर नको, ती आवरणावरचं वंगण काढून टाकते. सावलीत वाळवा, मग ड्रेसिंगचा पातळ हात द्या आणि जादाचं पुसून टाका. खाडीच्या गढूळ पाण्यात फ्लोटिंग लाइनचं टोक बुडायला लागलं तर बहुधा गाळच बसलेला असतो, आधी धुऊन बघा. धुऊनही बुडत असेल तर टोकाला भेग शोधा. तिथून पाणी गाभ्यात शिरतं.

लाइनला पीळ बसला तर फ्लाय आणि लीडर काढून चालत्या बोटीमागे सगळी लाइन सोडा, पीळ आपोआप निघतो. वेटोळी धरली असतील तर सकाळी दोघांनी धरून संथ ताण द्या, हिसका देऊ नका. गाइडच्या कड्यांतून कापूस फिरवा. तंतू अडकला की ते कडं लाइन सोलतंय समजा. डेकवर चप्पल घालू नका, पायाखाली आलेली लाइन आतून चिरते. लाकडी होडीत ओली चादर अंथरली तर खिळ्यांनाही अडकत नाही आणि लाइन गारही राहते. हे मला त्याच बोटवाल्याने शिकवलं. आणि लाइन गाडीत ठेवून उन्हात गाडी उभी करू नका.

जीटीच्या, म्हणजे जायंट ट्रेवलीच्या, मागे जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. १०० पौंडांचा लीडर आणि ३० पौंडांचा गाभा अशी जोडी असेल तर प्रवाळात अडकल्यावर लीडर तुटणार नाही, लाइन तुटेल. गाभ्याची ताकद विचारून घ्या. तयार लूपवर आवरण सरकतंय का, हे रोज नखाने चाचपा.

माझी ती लाइन आता उत्तराखंडातल्या एका मित्राकडे आहे. मार्चमध्ये महाकालीच्या गार पाण्यात तो तिने महासीर गरवतो, आणि लाइन फर्स्टक्लास चालते म्हणतो. चालणारच, लाइन वाईट नव्हतीच. दुकानदाराला हेही कळवलं, उत्तर अजून आलेलं नाही.

तुम्ही लाइन घ्याल तेव्हा खोका हातात घेतल्याशिवाय ती रीलवर चढू देऊ नका. काही कंपन्या टोकाजवळ लाइनवरच प्रकार छापतात, तो स्वतः वाचा. बिलावर नुसतं 'फ्लाय लाइन' नको. नाव, नंबर, फ्लोटिंग की सिंकिंग, आणि ट्रॉपिकल, एवढं त्याच्याच हाताने लिहून घ्या. लिहायला का-कू करत असेल तर दुसरं दुकान बघा.