मुलाखत कोणी पाहिली?

बालरोगतज्ज्ञाने मनोविकारशास्त्रातील परीक्षेविषयी लिहावे, हे काहींना अनधिकारचेष्टा वाटेल. परंतु पोटदुखीची तक्रार घेऊन आमच्याकडे येणारी कित्येक मुले अखेरीस मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावी लागतात. आणि तेथील तरुण डॉक्टर त्यांच्याशी कसा बोलतो, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते.

काही वर्षांपूर्वी पंधरा वर्षांच्या एका मुलीच्या अशा मुलाखतीस मी बसलो होतो. रेसिडेंट हुशार, निदानाचे निकष त्याला मुखोद्गत. त्याने आईच्या देखतच विचारले, "जीव द्यावासा वाटतो का?" मुलीने एकवार आईकडे पाहिले आणि नकारार्थी मान हलवली. 'आत्महत्येचे विचार नाहीत' अशी नोंद झाली. नंतर ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आईला बाहेर बसवून तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला, तेव्हा तिने आजीच्या झोपेच्या गोळ्या जमवून ठेवल्याचे सांगितले. केवळ केसपेपर वाचून गुण द्यायचे असते, तर त्या रेसिडेंटला कोणत्याही परीक्षकाने उत्तम गुण दिले असते.

आपल्याकडील 'लाँग केस'ची उणीव हीच आहे. उमेदवार रुग्णाला एकट्याने तपासतो. परीक्षक ऐकतो तो वृत्तांत. माझ्या एम.डी.च्या परीक्षेतही बाळाच्या आईशी मी कसा बोललो, हे कोणी पाहिले नाही. आमच्या शाखेत निदान प्लीहा पुन्हा चाचपून पाहता येते. मनोविकारशास्त्रात मुलाखत हाच स्टेथोस्कोप. तो वापरताना पाहिल्याशिवाय पारख कशी व्हायची?

अमेरिकेतील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील 'अमेरिकन बोर्ड ऑफ सायकिअ‍ॅट्री अँड न्यूरॉलॉजी' या मंडळाच्या जुन्या तोंडी परीक्षेत परीक्षकांसमक्षच अपरिचित रुग्णाची अर्ध्या तासाची मुलाखत घ्यावी लागे. म्हणजे पाहणारे होते; पण पाहणे एकाच दिवसाचे, परक्या शहरातले, आणि वाट्याला येईल त्या रुग्णावर विसंबलेले. पुढे ही पद्धत मोडीत निघाली. जुलै २००७पासून प्रशिक्षणास आरंभ करणाऱ्यांसाठी अशी मुलाखत प्रशिक्षणकाळातच तीन वेळा, अपरिचित रुग्णांबरोबर, मंडळाच्या प्रमाणित मनोविकारतज्ज्ञासमोर उत्तीर्ण होण्याची अट आली. किमान दोन परीक्षक वेगळे हवेत. पाहायच्या गोष्टी तीनच : रुग्णाशी जुळलेले नाते, मनःस्थितीच्या तपासणीसह मुलाखतीचे संचालन, आणि केसची मांडणी. नापास झाल्यास पुन्हा संधी मिळते. म्हणजे परीक्षा शिकवण्याचेही काम करते.

यातली मेख उघड आहे. परीक्षक म्हणजे आपलाच गुरू. रोज रात्रपाळी सांभाळणाऱ्या शिष्याला नापास करणे त्याच्या जिवावर येते. ब्रिटनमधील रॉयल कॉलेजने म्हणूनच की काय, कामाच्या जागी होणाऱ्या मूल्यमापनाबरोबर केंद्रीय परीक्षाही ठेवली. २००८पासून तिच्यात अभिनेते रुग्णाची भूमिका करतात. सर्वांना सारखाच रुग्ण मिळतो, हा तिचा मोठा गुण. तथापि अभिनेत्याची आई काही शेजारी बसलेली नसते!

आपल्याकडे २०१९पासून एम.बी.बी.एस.लाही क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. पदव्युत्तर विद्यार्थ्याजवळ लॉगबुक असते. त्यात केसेसची संख्या आणि वरिष्ठांची सही. न पाहता अशा सह्या मीही केल्या आहेत, हे येथे कबूल केले पाहिजे.

आपल्या बडोद्यात आणखी एक गोष्ट पाहायला हवी, ती भाषेची. गुजराती रुग्ण 'गभरामण थाय छे' म्हणते, तेव्हा मराठी रेसिडेंट 'घाबरते' असे लिहून मोकळा होतो. बाईंना कदाचित छातीतील कासाविशी सांगायची असते, कदाचित भीती, कदाचित दोन्ही. त्याने पुढचा प्रश्न विचारला की नाही, हे केसपेपरातून कळत नाही.

गर्दीच्या ओपीडीत अर्धा तास कोठून काढायचा, हा आक्षेप खरा आहे. आम्ही शनिवारची दुपार निवडली. महिन्यातून एक मुलाखत. वरिष्ठाने कोपऱ्यात, तोंड मिटून बसायचे आणि रुग्ण गेल्याबरोबर दोन-चार वाक्यांत काय दिसले ते सांगायचे. सर्वांत कठीण जाते ते तोंड मिटून बसणे.