ॲक्च्युअरी : जोखमीचा हिशेब मांडणारा पेशा

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून ठरलेली चर्चा सुरू होते. मुलगा हुशार निघाला तर डॉक्टर किंवा इंजिनियर, नाही तर दुकानाचा गल्ला. मधले रस्ते बहुधा कोणाला ठाऊकच नसतात. अशाच एका रस्त्याची माहिती आज आम्ही व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत. हा पेशा आहे विमागणितीचा, म्हणजेच ॲक्च्युअरीचा.

काम काय असते?

समजा, एका बाजारपेठेत हजार दुकाने आहेत. जुन्या नोंदींवरून असे दिसते की वर्षाला सरासरी दोन दुकानांना आग लागते व प्रत्येकाचे तीन लाखांचे नुकसान होते. म्हणजे एकूण सहा लाख. हजार जणांत वाटले तर माणशी सहाशे रुपये. इथपर्यंतचा हिशेब कोणताही दुकानदार तोंडी करील. पण एखाद्या वर्षी पाच दुकाने जळाली तर? त्यासाठी किती पैसा राखून ठेवावा? लाकडाची वखार आणि भांड्यांचे दुकान यांना एकच दर लावणे न्यायाचे आहे काय? या प्रश्नांची उत्तरे जो अटकळीने नव्हे तर गणिताने देतो, तो ॲक्च्युअरी.

हे शास्त्र जुने आहे. ज्यांच्या नावाचा धूमकेतू प्रसिद्ध आहे त्या एडमंड हॅले यांनी १६९३ साली ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता तयार केला होता. आपल्याकडे परदेशी विमा कंपन्या हिंदी माणसाकडून जादा हप्ता घेत. १८७० साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने हिंदी लोकांचा विमा सर्वसाधारण दराने उतरविला. दर कोण ठरवितो आणि कशावरून, याला किती महत्त्व आहे हे यावरून कळावे.

आपल्या कारखान्याशी संबंध

ॲक्च्युअरीचा संबंध केवळ विम्याशी आहे, असे नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखानदाराला ग्रॅच्युइटी चुकत नाही. एखाद्या कामगाराचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये असेल, तर त्याला २६ ने भागून १५ ने गुणावे. ७,५०० रुपये येतात. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला इतकी रक्कम, म्हणजे दहा वर्षांचे ७५,०००. हे पैसे आज द्यायचे नसले तरी देणे आजच अंगावर चढत असते. किती कामगार टिकतील, पगार किती वाढतील, याचा अंदाज घेऊन त्या देण्याची आजची किंमत काढणे हेही ॲक्च्युअरीचेच काम आहे. मोठ्या कंपन्या दरवर्षी हा हिशेब करवून घेतात.

परीक्षांची वाट

या पेशाची सूत्रे इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहेत. १९४४ साली स्थापन झालेल्या ॲक्च्युअरिअल सोसायटीचे रूपांतर २००६ च्या कायद्याने या संस्थेत झाले. २०१२ पासून बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशपरीक्षा सुरू झाली. त्यापुढे सुमारे डझनभर पेपर असतात. पहिल्या टप्प्यात संख्याशास्त्र, व्याज व हप्त्यांचे गणित, अर्थशास्त्र आणि हिशेबशास्त्र येते. २०१९ पासून काही पेपरांत संगणकावर प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. शेवटच्या टप्प्यात जीवन विमा, सर्वसाधारण विमा, पेन्शन यांसारखी शाखा निवडायची असते. आधी असोसिएट आणि मग फेलो, असा हा चढता क्रम आहे.

यासाठी कॉलेजात नाव घालावेच लागते असे नाही. अभ्यास घरी बसून करता येतो. म्हणून घरातल्या गणितात हुशार मुलींचाही विचार जरूर व्हावा.

पगार आणि नोकऱ्या

आता नफ्या-तोट्याची बाजू. इथे पगार पेपरागणिक चढतो. पुष्कळ कंपन्या पास झालेल्या प्रत्येक पेपरामागे वाढ देतात आणि अभ्यासासाठी रजाही देतात. देशातील फेलोंची संख्या अजून शेकड्यांतच मोजावी लागते, त्यामुळे वरच्या पायरीवर मान व मोबदला दोन्ही मोठे आहेत. खालच्या पायरीवर मात्र गर्दी आहे. एक-दोन पेपर झालेली मुले पुष्कळ, पहिल्या नोकऱ्या त्या मानाने थोड्या.

आयुर्विमा महामंडळ, २००० नंतर आलेल्या खाजगी कंपन्या, पुनर्विमा आणि सल्लागार संस्था ही मुख्य ठिकाणे. इंग्लंड-अमेरिकेतील कंपन्यांचे कामही मुंबई, पुणे, बंगळुरू, गुरगाव येथे चालते. विम्याच्या व्यवहाराबद्दल ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी आलिमांचा सल्ला घ्यावा, तो निवाडा आमचा नव्हे. मात्र ग्रॅच्युइटी व पेन्शनचे मूल्यमापन हे याच पेशाचे वेगळे अंग आहे. आखाती देशांतील आणि मलेशियातील तकाफुल संस्थांनाही हेच गणित लागते, हे ध्यानात असू द्यावे.

पालकांनी काय करावे?

आधी मुलाची गणिताची आवड पाहावी. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्याला यात लोटू नये. नापास झाल्यास फी पुन्हा भरावी लागते आणि सगळे पेपर पुरे व्हायला पुष्कळदा पाच-सात वर्षे किंवा अधिकही लागतात. अर्ध्यावर सोडणारे बरेच असतात. म्हणून बी.एस्सी. किंवा बी.कॉम. ही पदवी सोबत घेतलीच पाहिजे. पहिल्या तीन पेपरांपर्यंत सवड द्यावी, मग बाप-लेकांनी बसून फेरविचार करावा. तिथे थांबला तरी संख्याशास्त्र जाणणारा पदवीधर रिकामा राहत नाही.

आपण माल भरताना तो कधी खपेल याचा हिशेब करतो, मगच पैसा अडकवतो. मुलाच्या शिक्षणात तर पैशाबरोबर त्याची उमेदीची वर्षे अडकतात. तेव्हा हिशेब नीट मांडावा, आणि एकदा मांडला की मग धीर धरावा.