लहान धक्का आणि चाकांची रेषा

मोटारीला बसलेल्या धक्क्याचे मोजमाप आपण बहुधा पत्र्यावरून करतो. रंग उडाला नाही, दिवा फुटला नाही, तेव्हा गाडीला काही झाले नाही, असा समज सर्वत्र आढळतो. वेगासाठी बांधलेल्या गाडीच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. कारण चाक दगडी कडेवर आदळते तेव्हा तो आघात पत्र्याला स्पर्शही न करता चाकाच्या तुंब्यातून सस्पेन्शनच्या भुजांत आणि तेथून चौकटीत जातो.

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात असे धक्के नवलाचे नाहीत. गल्ल्या अरुंद, वाहने दाटीने उभी आणि जागोजाग पायऱ्यांचे दगड. या भागाचे दैवत पार्थसारथी, म्हणजे साक्षात अर्जुनाचा सारथी. तमिळनाडूतील रथोत्सवांत अवाढव्य लाकडी रथ वळवण्यासाठी चाकांखाली लाकडाच्या पाचरी सरकवतात. चाकापाशी केलेला एवढासा फरक प्रचंड भाराची दिशा बदलतो. आपला विषय तोच आहे. फरक इतकाच, की येथे पाचर अपघाताने बसलेली असते आणि ती दिसत नाही.

उदाहरणासाठी याच शहराच्या परिसरात तयार झालेली स्टँडर्ड हेराल्ड घेऊ. १९६१ पासून मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, ही गाडी बनू लागली. तिचा मूळ आराखडा इंग्लंडमधील ट्रायम्फ हेराल्डचा होता. त्याच चौकटीच्या आखूड आवृत्तीवर १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार उभी राहिली. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरील शर्यतींत हेराल्ड धावत असत. तिचे उत्पादन केव्हाच थांबले असले, तरी जी थोडी वाहने हौशी मंडळींनी जपली आहेत, त्यांच्यावर तपासणीची रीत चांगली शिकता येते; कारण तिचे सस्पेन्शन साधे आणि डोळ्यांपुढे उघडे आहे. पुढे प्रत्येक चाकामागे विशबोनची जोडी, मागे आडवा पाटा आणि दोन झुलते अर्धधुरे.

प्रथम गाडी सपाट जागी उभी करावी. जमीन सपाट आहे की नाही हे गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पाहावे. नजरेवर विसंबू नये. टायरमधील हवा सारखी असावी. गाडी जॅकवर उचलली असेल, तर खाली ठेवताच मोजमाप करू नये. झुलत्या धुऱ्यांमुळे मागची चाके खालून आत ओढली गेलेली असतात. गाडी काही मीटर पुढे-मागे ढकलावी, टोकांवर दाबून हलवावी, म्हणजे ती आपल्या नेहमीच्या उंचीवर बसते. ही पायरी गाळल्याने किती निष्कर्ष चुकीचे निघत असतील, कोण जाणे.

यानंतर चाक फिरवून रिम वाकडी झाली आहे का ते पाहावे. वाकड्या रिमवर घेतलेले कोणतेही माप निरर्थक होय. मग दोन्ही बाजूंना पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर मोजावे. हेराल्डमध्ये ते सुमारे २३२ सेंटिमीटर आहे. परंतु येथे आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातील तुलना महत्त्वाची. एक बाजू आखूड भरली, तर त्या बाजूचे एखादे चाक धक्क्याने सरकले आहे.

आता गाडीच्या दोन्ही अंगांना, तुंब्यांच्या उंचीवर, मध्यरेषेला समांतर असे दोरे ताणावेत. दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचे अंतर घ्यावे. पुढच्या कडेचे अंतर जास्त असेल, तर चाक आत वळलेले आहे. यालाच टो-इन म्हणतात. तेरा इंची चाकावर या दोन मापांतला सुमारे ६ मिलिमीटरांचा फरक म्हणजे एक अंश. एक अंश क्षुल्लक वाटतो. पण तितके तिरपे चाक सरळ ओढले, तर ते दर किलोमीटरला सुमारे साडेसतरा मीटर आडवे घासले जाते. चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, ओळंब्याने कळतो: दोरी रिमसमोर सोडावी आणि वरच्या व खालच्या कडेचे अंतर ताडून पाहावे.

खरी कसोटी येथून पुढे आहे. मापे जुळत नाहीत असे दिसताच टाय रॉड फिरवून टो-इन ठीक करण्याचा मोह होतो. पाच मिनिटांत आकडा बरोबर येतो आणि गाडी सरळही धावते. परंतु फक्त टो-इन बिघडले असेल, तर दोष टाय रॉडमध्ये किंवा स्टिअरिंगच्या भुजेत असण्याचा संभव अधिक. कॅम्बरही बदलला असेल आणि ती बाजू आखूड भरली असेल, तर विशबोन, उभा दांडा किंवा त्यांची बैठक वाकलेली आहे. वाकलेला भाग तसाच ठेवून आकडा जुळवणे म्हणजे ताप उतरला नसताना तापमापक पुसून ठेवणे. सरळ रस्त्यावर जुळलेले चाक खड्ड्यात वर उचलले गेले किंवा वळणावर झुकले, की भलत्याच दिशेला वळते. आणि ताण बसलेले पोलाद केव्हा तुटेल याचा नेम नसतो. हेराल्डच्या उभ्या दांड्याचे आट्यांचे खालचे टोक या दृष्टीने विशेष नाजूक आहे. मोजमाप हे निदान आहे. जुळवणी दुरुस्तीनंतर करावयाची.

असे भाग तापवून किंवा ठोकून सरळ करू नयेत. तिरुवल्लिकेणीहून फार दूर नसलेल्या पुदुपेटच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात कधी बदली भाग मिळतो. पण तोही एखाद्या धडकेतून आलेला असू शकतो. म्हणून तो स्वच्छ करून रॉकेलमध्ये भिजवावा, कोरडा पुसावा आणि त्यावर खडूची पूड चोळावी. तडा असेल, तर आत झिरपलेले तेल पांढऱ्या पुडीवर बारीक काळसर रेघ उमटवते.

नवा भाग बसवून जुळवणी झाल्यावर पहाटेच्या वेळी मरीना किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर बेताच्या वेगाने गाडी चालवून पाहावी. पाणी वाहून जाण्यासाठी रस्ता कडेकडे उतरता केलेला असतो. त्यामुळे गाडी किंचित डावीकडे कलली, तर तो दोष समजू नये. मात्र त्या उताराविरुद्ध, उजवीकडे, ओढ जाणवली, तर गाडी परत आणून दोरे पुन्हा ताणावेत.