जैवतंत्रज्ञान आणि आरोग्य : इन्सुलिनच्या एका कुपीची कथा



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० साली मराठवाड्यातील मुलांसाठी आपल्या शहरात महाविद्यालय सुरू केले. पुढे त्यास 'मिलिंद' हे नाव मिळाले आणि त्याचा परिसर 'नागसेनवन' म्हणून ओळखला जाऊ लागला. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हे उत्तर देणारे भिक्खू. दृष्टान्ताने समजावून दिल्याशिवाय राजाचे समाधान होत नसे. विज्ञान शिकण्याची याहून चांगली रीत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही वैद्यकातील जैवतंत्रज्ञान हा विषय प्रश्नोत्तराच्याच वाटेने मांडणार आहोत. विषय मोठा आहे. तेव्हा आपल्या घरोघरी पोहोचलेले एकच औषध घेऊ. ते म्हणजे इन्सुलिन.

हे औषध निवडण्यास आणखी एक कारण आहे. बाबासाहेबांना मधुमेहाने अखेरच्या वर्षांत फार छळले. त्यांना इन्सुलिनची इंजेक्शने घ्यावी लागत. १९४८ साली विवाह झाल्यावर डॉ. सविता ऊर्फ माईसाहेब यांनी त्यांचे पथ्यपाणी व औषधोपचार पाहिले. अशा प्रकृतीतही बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम पूर्ण केले. १९५६ च्या धम्मदीक्षेचा सोहळा आपण दरवर्षी साजरा करतो. त्या दिवसापर्यंत त्यांचा देह टिकविण्यात या औषधाचाही वाटा होता, हे आपण क्वचितच लक्षात घेतो.

इन्सुलिन म्हणजे काय ?

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी आहे. तिच्यातील काही पेशी इन्सुलिन तयार करून रक्तात सोडतात. अन्नातून आलेली साखर रक्तातून पेशींत जाण्यास हे इन्सुलिन आवश्यक असते. ते तयारच झाले नाही किंवा पुरेसे काम करीना, तर साखर रक्तातच साठत जाते व शरीर उपाशी राहते. यालाच मधुमेह म्हणतात. लहान वयात होणाऱ्या पहिल्या प्रकारात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. प्रौढ वयात आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारात ते असते, परंतु अपुरे पडते.

१९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळे केले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले. पहिला अर्क अशुद्ध होता. कॉलिप यांनी तो शुद्ध केल्यावर मात्र मुलाची साखर उतरली. त्यापूर्वी अशा मुलांना जवळपास उपाशी ठेवून त्यांचे आयुष्य थोडेफार लांबविणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी या शोधाचे हक्क टोरांटो विद्यापीठास प्रत्येकी एका डॉलरला दिले. औषध सर्वांना मिळावे हा त्यामागील हेतू होता.

मग जैवतंत्रज्ञानाची गरज का पडली ?

त्यानंतर साठ वर्षे जगातील सर्व इन्सुलिन गाई-बैल व डुकरे यांच्या स्वादुपिंडातूनच येत असे. बाबासाहेबांनी घेतलेले इन्सुलिनही तेच. अवघ्या आठ औंस, म्हणजे सुमारे सव्वादोनशे ग्रॅम, शुद्ध इन्सुलिनसाठी दोन टन ग्रंथी लागत. रुग्ण वाढत होते आणि ग्रंथींचा पुरवठा कत्तलखान्यांवर अवलंबून होता. शिवाय प्राण्यांचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनसारखे तंतोतंत नसते. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत इन्सुलिनची संपूर्ण रचना उलगडली. मानवी इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्ले असून ती २१ व ३० अशा दोन साखळ्यांत गुंफलेली आहेत. डुकराचे इन्सुलिन त्याहून एका जागी वेगळे, तर गाई-बैलांचे तीन जागी. या फरकामुळे व अशुद्धीमुळे काही रुग्णांना ॲलर्जी होई, तर काहींची सुई टोचण्याची जागा खचत जाई.

जीवाणू माणसाचे औषध कसे बनवितो ?

आपल्या शहरातील हिमरूचा जुना माग डोळ्यांसमोर आणा. नक्षी आधी दोऱ्यांत बांधून मागाला जोडतात. माग स्वतः काही ठरवीत नाही. जी बांधणी जोडली तीच नक्षी वस्त्रावर उतरते. पेशीतील जनुक म्हणजे अशी बांधणी होय. कोणते प्रथिन विणायचे हे जनुकात नोंदलेले असते. विशेष हे की, जनुकाची लिपी जीवाणू, वनस्पती आणि माणूस यांत एकच आहे. म्हणून माणसाची बांधणी जीवाणूच्या मागावर चढविता येते.

१९७३ साली अमेरिकेत कोहेन व बॉयर यांनी हे तंत्र सिद्ध केले. विशिष्ट विकर डीएनए ठरावीक जागी कापते व दुसरे विकर तो जोडते. जीवाणूत प्लाझमिड नावाचे डीएनएचे छोटे कडे असते. ते कापून त्यात हवे ते जनुक बसवायचे आणि कडे पुन्हा जीवाणूत सोडायचे. जीवाणू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतो व प्रत्येक नव्या जीवाणूत ती बांधणी जाते. १९७८ साली या रीतीने इन्सुलिनच्या दोन साखळ्या वेगवेगळ्या जीवाणूंत बनवून नंतर जोडण्यात आल्या. १९८२ साली अमेरिकेत या मानवी इन्सुलिनला परवानगी मिळाली. जनुक जोडून सूक्ष्मजीवाकडून करवून घेतलेले व माणसासाठी मान्य झालेले हे पहिले औषध. पुढे जीवाणूंच्या जोडीला यीस्टही वापरात आले. पाव फुगविणारे यीस्ट आपल्या परिचयाचे आहे. त्याच्याकडून व त्याच्या दूरच्या भावंडांकडून हे काम करवून घेतात.

आपल्या शहराचा यात काय संबंध ?

संबंध फार जवळचा आहे. २००३ साली वोक्हार्ट या कंपनीने 'वोसुलिन' हे मानवी इन्सुलिन बाजारात आणले. भारतीय कंपनीच्या अशा इन्सुलिनमध्ये ते अग्रणी ठरले. ते आपल्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादेत, तयार झाले. पुढे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंपनीचे बायोटेक पार्क उभे राहिले. हान्सेन्युला नावाच्या यीस्टमध्ये मानवी इन्सुलिनचे जनुक बसवून मोठ्या टाक्यांत ते वाढवितात, मग गाळून, शुद्ध करून, तपासून कुपीत भरतात. दुसऱ्याच वर्षी, २००४ साली, बंगळूरच्या बायोकॉननेही आपले इन्सुलिन आणले.

देशात औषध बनल्याने काय घडते याचे ठळक उदाहरण कावीळ-ब प्रतिबंधक लसीचे आहे. तीही यीस्टमध्ये जनुक बसवूनच तयार होते. बाहेरून येणाऱ्या लसीची एक मात्रा शेकडो रुपयांना पडे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस पन्नास रुपयांच्या आसपास आणली. अन्य कंपन्याही पुढे आल्या आणि २०११ पर्यंत ही लस देशभरातील बालकांच्या सरकारी लसीकरणात समाविष्ट झाली. शोध लागल्याने औषध जन्मास येते हे खरे. परंतु गरिबाच्या घरात ते शिरते ते किंमत उतरल्यावरच.

औषध आहे, तरी रोगी का दगावतो ?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. यांतील प्रत्येकाला इन्सुलिन लागत नाही. अनेकांचे गोळ्या, आहार व व्यायाम यांवर भागते. परंतु ज्यांना ते लागते त्यांच्या मनात भीती असते. 'एकदा सुई लागली की सुटत नाही', 'सुई म्हणजे शेवट आला', असे बोलणे आम्ही वस्त्यांतून नेहमी ऐकतो. सुई रोग वाढविते असे नाही. रोग वाढल्याने सुई लागते. कारण व परिणाम यांची अशी उलटापालट होऊ नये, हीच तर तथागतांची शिकवण आहे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहातील मुलाचे इन्सुलिन बंद करून अंगारे-धुपारे किंवा जडीबुटी करणे म्हणजे त्या मुलाचा जीव धोक्यात घालणे होय.

इन्सुलिनची गोळी का नाही, असेही विचारतात. इन्सुलिन हे प्रथिन आहे. गिळले तर ते डाळीतील प्रथिनासारखे पचून जाते, म्हणून ते सहसा टोचावे लागते.

काही गोष्टी घरात लिहून ठेवाव्यात. भारतात कुपीतील इन्सुलिन बहुधा प्रति मिलिलिटर ४० युनिटचे असते, पेनमधील १०० युनिटचे. ४० च्या कुपीस लाल टोपणाची ४० ची सिरिंज, १०० ला केशरी टोपणाची १०० ची. अदलाबदल झाली तर मात्रा चुकते. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. गोठलेले इन्सुलिन वाया गेले असे समजावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फ्रिज नसेल, तर कुपी डब्यात बंद करून ओल्या वाळूत बसविलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावी. दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, तर साखर उतरली असे समजून चटकन साखर किंवा गूळ द्यावा. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काही न घालता तातडीने घाटी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. मात्रा मात्र डॉक्टरांनीच ठरवावी.

जे अजून पोहोचलेले नाही

आता आपल्या समाजाशी निगडित दुसरा प्रश्न. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातील आदिवासी व बौद्ध समाजात बऱ्याच प्रमाणात आढळतो. आपल्या शहरातील अनेक कुटुंबांची सोयरीक विदर्भात आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातील एकच अक्षर बदलल्याने तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचारास मान्यता मिळाली. अमेरिकेत त्या वेळी त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे अठरा कोटी रुपये होती ! १९२२ चे इन्सुलिन एका डॉलरला देणाऱ्यांची या ठिकाणी आठवण होते. दिल्लीच्या आय.जी.आय.बी. या सरकारी संस्थेत देशी उपचारावर काम चालू आहे, ही आशेची बाब.

तोवर आपल्या हाती रक्ततपासणी आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले असून त्यात तपासणीवर भर आहे. लग्न जुळविताना पत्रिका पाहणे आपण सोडले, हे योग्यच झाले. तिच्या जागी वर-वधूंच्या रक्ताचा अहवाल पाहावा. वाहक असणे हा आजार नव्हे व कलंकही नव्हे, हे मात्र वडीलधाऱ्यांनी मुलींच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे.

समारोप

अतिसाराने आजारी पडलेल्या व कोणी विचारीनाशा झालेल्या भिक्खूस तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हाताने न्हाऊ घातले, ही विनयातील कथा आपणांस ठाऊक आहे. रुग्णसेवेची ती परंपरा आपली आहे. आज त्या सेवेत प्रयोगशाळाही आली आहे. विद्यार्थी मित्रहो, वाळूजच्या कारखान्याच्या बसमध्ये आपल्या वस्त्यांतील माणसे वर्षानुवर्षे चढत आली आहेत. बहुतेक पॅकिंगला, साफसफाईला, पहाऱ्याला. ते काम हलके नाही. परंतु यीस्ट वाढविणाऱ्या व औषध तपासणाऱ्या टेबलाशीही आपली मुले-मुली बसली पाहिजेत. बारावीला जीवशास्त्र व रसायनशास्त्र मनापासून शिका, पदवीला सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन वा जैवतंत्रज्ञान घ्या आणि मिलिंद राजासारखे प्रश्न विचारीत राहा. नागसेनवन त्यासाठीच उभे राहिले.

नमो बुद्धाय ! जय भीम !